सहा नंबरची ओळ

तक्त्यातली सहा नंबरची ओळ मी बदलली होती. तिनं नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, रसायनशास्त्राच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर तिचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अजून आहे. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत एका पानावर तक्ता आहे. त्यात सहा पदार्थ आहेत आणि प्रत्येकासमोर लिहिलंय, अतिनील दिव्याखाली तो पदार्थ द्रावणात असताना किती उजळतो आणि सुकल्यावर किती. सहाव्या ओळीत आहे : द्रावणात तेजस्वी, सुकल्यावर मंद. ते खोटं आहे. त्या पदार्थाचं बरोबर उलटं होतं, आणि तिनं तसंच लिहून आणलं होतं.

मी तिचा गाईड होतो. आज माझं वय एकाहत्तर आहे. चौदा वर्षं त्या खोट्या ओळीवर तिचं नाव आहे आणि खाली माझी सही.

आमच्याकडे एक शब्दप्रयोग होता, रीडिंग बसवणं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच पोरं तो शिकायची. ब्युरेटचं रीडिंग किती यायला पाहिजे हे मागच्या वर्षाच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. आपलं वेगळं आलं की पोरगं शेजारच्याला विचारायचं, "तू किती बसवलं बे?" आणि आम्ही तपासताना अपेक्षित आकडा दिसला की सही करून मोकळे व्हायचो. याला कारणं होती. बाटल्यांवरची लेबलं उडालेली, आम्लं जुनी, डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र वर्षातून दोन महिने चालायचं. खरं रीडिंग कधीच पुस्तकाशी जुळायचं नाही. खरंच लिहा म्हटलं असतं तर निम्मा वर्ग प्रात्यक्षिकात नापास झाला असता. मी स्वतः असाच शिकलो, असाच शिकवत गेलो. यात आपण काही वाईट करतोय असं मला कधी वाटलं नाही. उलट पोरांना सांभाळून घेतोय असंच वाटायचं.

विषय मीच दिला होता. नव्या प्रकारच्या पडद्यांचे मोबाईल तेव्हा बाजारात आले होते. त्या पडद्यांच्या मागे वेगळा दिवा नसतो. पडद्यातल्या कार्बनी पदार्थाचा थरच विजेनं स्वतः उजळतो, आणि तो थर केसाच्या कितीतरी पट पातळ असतो. मी हे कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. पडदा बनवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही एवढंच करणार होतो की तसे उजळणारे काही साधे पदार्थ प्रयोगशाळेत तयार करायचे, अल्कोहोलमध्ये विरघळवून आणि कागदावर सुकवून अतिनील दिव्याखाली बघायचे, आणि लिहायचं.

विभागाचा अतिनील दिवा बंद पडलेला होता. आमच्या लॅब अटेंडंटनं त्याच्या मेहुण्याच्या कापड दुकानातून नोटा तपासायचा दिवा आणून दिला. जांभळ्या नळीचा, हातभर लांब. माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाला, "सर, पोरीची पावडर असली निघाली का नकली, ते मी गल्ल्यावर बसून सांगतो. तुमी कशाला डिग्र्या घेत बसले?" हा माणूस दिवसातून एक तरी असलं बोलायचाच.

स्टोअररूमच्या खिडकीला त्यानं जुन्या छत्रीचं काळं कापड ठोकलं. ती आमची अंधारी खोली. माझ्या टेबलापासून बारा पावलांवर.

ती पालीच्या बाजूची. घरी मेंढरं. वडील कळप घेऊन तिथल्या धरणाच्या कडेकडेनं असायचे, आणि वर्षातले काही महिने लांब. एकदा ते महाविद्यालयात आले होते. घोंगडी खांद्यावर, दाराबाहेर चपला काढून उभे. मी आत बोलावलं तर म्हणाले, "न्हाई मास्तर, पायाला लेंड्या लागल्यात. पोरगी काय करती तेवढं बघाया आलतो." तिनं त्यांना दिवा लावून त्याखाली उजळणारा एक ठिपका दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग तिला म्हणाले, "ह्यात लाईट कुठून आली? वायर तर न्हाई." ती म्हणाली, "दादा, ह्या जांभळ्या उजेडानंच त्येला जोर येतो. मग त्यो त्येचा उजेड देतो." ते म्हणाले, "हां, म्हंजी खाऊ घातलं तर दूध." एवढं चांगलं मी वर्गात कधी समजावलं नव्हतं.

ती फार बोलायची नाही. तिची एक सवय मात्र मला चमत्कारिक वाटायची. प्रत्येक निरीक्षणासमोर ती वेळ लिहायची. अकरा दहा, ओलं. अकरा पंचवीस, सुकलं. मी एकदा म्हणालो, "वेळ कशाला लिहितेस? गाडी पकडायचीय का?" वर्गातली दोन पोरं हसली. तिनं वेळ लिहिणं सोडलं नाही.

पहिल्या पाच पदार्थांचं पुस्तकासारखंच झालं. अल्कोहोलमध्ये झकास निळा-हिरवा उजेड, कागदावर सुकलं की मरगळलेला. याचं कारण माहीत होतं. रेणूला जोर मिळाला की त्याला तो कुठेतरी टाकावाच लागतो. एक तर उजेड म्हणून टाकायचा, नाहीतर थरथरण्यात, फिरण्यात, उष्णता म्हणून घालवायचा. यातला कुठला रस्ता धरायचा हे बऱ्याचदा शेजारी कोण आणि किती जवळ आहे यावर ठरतं. सपाट रेणू दाटीत एकमेकांवर चिकटून बसले की जोर एकाकडून दुसऱ्याकडे जात जात वाया जातो. उजेड विझतो. पडदे बनवणाऱ्यांना हीच मोठी अडचण असते, कारण पडद्यातला थर सुकाच असतो. द्रावणात कितीही चमकलं तरी उपयोग नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं. म्हणूनच मला वाटलं की सगळंच ठाऊक आहे.

सहावा पदार्थ पिवळा होता, सुईसारख्या स्फटिकांचा. करायला सोपा. दोन सारखे भाग, मध्ये नायट्रोजनचा सांधा. त्या दिवशी मी माझ्या टेबलावर अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होतो. ती वही घेऊन आली.

"सर, सहा नंबर उलटं करतंय."

"म्हणजे?"

"अल्कोहोलमधी काळंच दिसतंय. त्यात पाणी घातलं की गढूळ होतंय आन पेटतंय. कागदावर सुकवलं तर लईच. हिरवं-पिवळं."

"पाण्यात ते विरघळतच नाही."

"म्हणूनच की. विरघळत न्हाई, म्हणून रेणू एका जागी गोळा होतेत. आन गोळा झाले की उजेड."

"गोळा झाले की विझतात. पहिल्या पाचांचं काय झालं?"

"ते इझले, सर. पर हे न्हाई इझलं."

"कागदाला काहीतरी लागलं असेल. साबणाची पावडर पण चमकते दिव्याखाली."

"तीन कागद बदलले. दोनदा नव्यानं बनवलं. तुमी एकदा बघा की."

मी उठलो नाही. एका पेपरवर कुणीतरी बेन्झीनला सहाऐवजी सात कार्बन काढले होते आणि मी ते अटेंडंटला दाखवत होतो. ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "सर, एक सांगू? हसायचं न्हाई पर."

"सांग."

"दुपारी ऊन लागलं की आमची मेंढरं एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून हुबी ऱ्हातेत. चिकटून. मग एक बी चरत न्हाई. पहिले पाच तसे हायेत, चपटे. आन एखादं मेंढरू कळपातून सुटलं की नुसतं पळतं, वरडतं. सगळी ताकद पळण्यात जाती, चरायचं भान न्हाई त्येला. कळपात आणून घातलं की मुंडी खाली घालतं आन चरतं. सहा नंबर तसं हाय. मधल्या सांध्यावर त्याचे दोन भाग गरगर फिरत असतेल. एकटं असलं की सगळा जोर फिरण्यात. दाटीत फिरायला जागाच न्हाई, मग उजेड देतं."

आज मला सांगावंसं वाटतं की ते ऐकून मी क्षणभर गप्प झालो. तसं झालं नाही. मी म्हणालो, "हे रसायनशास्त्र आहे बाई, मेंढवाडा नाही." अटेंडंट म्हणाला, "सर, आता मेंढराचा टीव्ही निघतो बघा. बटन दाबलं की ब्यां." आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. तीही थोडी हसली. तिला हसावंच लागलं.

मग मी तिची रफ वही ओढली आणि लाल पेननं सहावी ओळ खोडली. दोन बाण काढून रकाने अदलाबदल केले. बाजूला लिहिलं, "नमुना अशुद्ध. नीट लिहा." दोन मिनिटं लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. हातात नवा कागद. "सर, आजपण तसंच हाय. दहा मिनिटं या."

"प्रोजेक्ट टायपिंगला जायचाय. सही पाहिजे का सहा नंबर पाहिजे?"

तिनं वहीतल्या लाल बाणांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मग ती ओळच काढून टाकू का? पाच ठेवते."

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं खोटं लिहिण्याऐवजी गप्प राहायची परवानगी मागितली होती, आणि मी तीही दिली नाही. शीर्षकात सहा पदार्थ होते. मुखपृष्ठ टाइप होऊन आलं होतं. मी म्हणालो, "पाच कसे दिसतील? बसवून टाक."

तिनं बसवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले ते मोठ्या विभागातले होते, वागायला साधे. सकाळी चहा घेताना ते मला म्हणाले होते, "माझ्याकडे संशोधनाला एक जागा आहे. तुमच्याकडची एखादी हाताची स्वच्छ मुलगी असेल तर सांगा." मी तिचंच नाव सांगितलं होतं. हेही खरं आहे आणि लिहायला हवं. मला तिचं वाईट करायचं नव्हतं.

त्यांनी प्रोजेक्ट चाळला आणि म्हणाले, "चला, दाखव बरं." आम्ही तिघं स्टोअररूममध्ये गेलो. अटेंडंट दिवा धरून उभा होता. तिनं सहा फिल्टर पेपर ओळीनं मांडले. दिवा लागला.

पाच कागद जेमतेम दिसत होते. सहावा पेटला होता. कच्च्या लिंबाचा रंग असतो तसा, पण आतून येणारा. तिच्या बोटांच्या कडासुद्धा त्यात दिसत होत्या.

परीक्षकांनी तक्ता पाहिला, कागद पाहिला. ड्रॉपरनं त्या ठिपक्यावर अल्कोहोलचे दोन थेंब टाकले. उजेड गेला. आम्ही सगळे वाट बघत उभे होतो. अल्कोहोल उडालं तशी कडेकडेनं पिवळी रेघ आली आणि मग ठिपका पुन्हा पेटला. त्यांनी ते दुसऱ्यांदा केलं. परत तेच.

"हे छान आहे," ते म्हणाले. मग तक्त्यावर बोट ठेवलं. "पण इथं उलटं लिहिलंय. तू प्रयोग केलास की बसवलंस?"

"केला, सर."

"मग असं का लिहिलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तक्रार केल्यासारखं नाही. वर्गात एखाद्याचं उत्तर अडकलं की तो दुसऱ्याकडे बघतो तसं. आता तुम्ही सांगाल, असं. आमच्याकडे विद्यार्थी परक्या माणसासमोर गाईडचं नाव घेत नाही. ती ते घेणार नव्हती. तिनं ते माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हणालो, "पोरं घाईत उलटसुलट लिहितात, सर."

अटेंडंटचा हात हलला असावा, कारण दिव्याचा उजेड भिंतीवर गेला.

परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं : हात चांगला, परंतु नोंदी विश्वासार्ह नाहीत. ती पास झाली. संशोधनाच्या जागेचं ते पुन्हा बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ती प्रमाणपत्र न्यायला आली तेव्हा मी सुट्टीवर होतो. सुट्टी मुद्दाम घेतली होती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी कुलूप लावताना अटेंडंट म्हणाला, "सर, तुमी बी बघितलं ना आज?"

"काय?"

"न्हाई, काही न्हाई." पुढं माझ्या निवृत्तीपर्यंत त्यानं मला साहेबी नमस्कार घातला, चहा दिला, किल्ल्या दिल्या. विनोद मात्र केला नाही.

विनोद मी करत राहिलो. स्टाफरूममध्ये नवा माणूस आला की मेंढराच्या टीव्हीची गोष्ट सांगायचो. एक पोरगी होती, तिनं रेणूंना मेंढरं केलं, आणि तक्ताच उलटा लिहिला. लोक पोट धरून हसायचे. माझ्या निरोप समारंभातही ती गोष्ट झाली. मी ती इतक्यांदा सांगितली की तक्ता तिनंच उलटा लिहिला असं मलाही अर्धंमुर्धं वाटायला लागलं होतं. पूर्ण कधीच वाटलं नाही.

कारण त्या तोंडी परीक्षेच्या पुढच्याच वर्षी मी शिक्षकांच्या एका उजळणी वर्गाला गेलो होतो. तिथं एका तरुण बाईंनी पडद्यावर दोन परीक्षानळ्यांचं चित्र दाखवलं. एकीत स्वच्छ द्रावण, काळं. दुसरीत पाणी घालून गढूळ झालेलं, पेटलेलं. काही रेणू एकटे असताना अंधारे असतात आणि गर्दीत उजळतात, कारण गर्दीत त्यांचं फिरणं थांबतं, असं त्या सांगत होत्या. पडद्यातला थर सुका असतो, म्हणून असले रेणू तिथं कामाचे. आमच्या स्टोअररूमच्या कितीतरी आधी जगाला हे माहीत होतं. म्हणजे तिनं नवा शोध लावला होता असं मी म्हणत नाही. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच. नोटा तपासायच्या दिव्याखाली तिनं ते स्वतः पाहिलं, कारण शोधलं, आणि सहा ओळींतली जी एक ओळ पडद्याच्या कामाची होती ती मी खोडली.

मी परत आल्यावर ग्रंथालयात गेलो. प्रोजेक्ट काढला, तक्ता उघडला. खिशात पेन होतं. ग्रंथपालानं विचारलं, "सर, हा घरी नेताय का?" मी म्हणालो, "नाही, सहज." आणि फळीवर ठेवून दिला. तेव्हा मी अजून नोकरीत होतो, विभागप्रमुख होतो. एक पत्र पुरलं असतं.

गेल्या महिन्यात, सकाळचे दहा वाजले असतील, दारात एक बाई उभी. खांद्याला पिशवी, कानाजवळचे केस पांढरे.

"सर, ओळखलं का?"

मी चष्मा शोधायला लागलो. खरं तर ओळखलं होतं.

ती आत आली, बसली, पाणी प्यायली. नेकनूरला कनिष्ठ महाविद्यालयात तासिकांवर शिकवते. सासर पाटोद्याचं. मी वडिलांचं विचारलं. "गुडघे गेलेत," ती म्हणाली. "बसा म्हणलं तर म्हणतेत, बसलो तर मेंढरं मला चारायला नेतील." मी हसलो. ती हसून थांबली आणि पिशवीतून वही काढली. तीच रफ वही. कोपरे मऊ झालेले, लाल शाई जराही फिकी नाही.

"सर, पीएच.डी.ला अर्ज केलाय. सहा नंबरच्याच घराण्यातले पदार्थ घेतलेत. समितीनं जुना प्रोजेक्ट मागितला. त्यात एक सर म्हणले, तुमच्याच प्रोजेक्टात लिहिलंय हे सुकलं की विझतं. आता म्हणता पेटतं. आन परीक्षकाचा शेरा बी हाय. खरं कोणतं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, गाईड हयात हायेत. पत्र आणते."

हयात हायेत. मी कागद घेतला.  लिहिलं की सदर विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टमधील तक्त्यात सहाव्या क्रमांकाची नोंद माझ्याकडून अनवधानाने उलट झाली आहे. सही केली.

तिनं वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"अनवधानानं न्हाई, सर."

"अगं, पत्रात असंच लिहितात."

"मी तुमाला दोनदा बघा म्हणलं. तुमी बघितलं न्हाई आन खोडलं. तसं लिहा."

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं की विद्यार्थिनीने योग्य निरीक्षण नोंदवले होते. मी ते न पाहता बदलले. तिने ओळ वगळण्याची विनंती केली, तीही मी नाकारली. हे लिहिताना मला वाटलं की आता झालं. तिनं तेही वाचलं, सावकाश, वर्गात पेपर तपासतात तसं.

"आन तोंडी परीक्षेचं?"

"त्याचं काय?"

"त्या दिवशी तुमी स्टोअरमधी होतात. तुमच्या डोळ्यासमोर पेटलं. नंतर तुमी म्हणलात, पोरं घाईत लिहितात. ते कुठं हाय?"

मी म्हणालो, "ते कशाला? त्याच्याशिवायही तुझं काम होईल. त्या समितीत माझे दोन जुने विद्यार्थी आहेत. काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल चौदा वर्षं म्हणलेच की, सर. मेंढराचा टीव्ही. नेकनूरला मी जिथं शिकवते तिथल्या सरांनी मलाच सांगितली ती गोष्ट. त्येंना ठावंच न्हवतं ती पोरगी मी हाय. मी बी हसले."

मी पेनाला टोपण लावलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. 

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एक काम करा. आधी बघा, मग लिहा." पिशवीतून तिनं एक छोटा दिवा काढला, पेनाएवढा, फिल्टर पेपर काढला, एक बाटली. पलंगावरची चादर खिडकीवर टाकली, दार लोटलं. टेबलावर कागद ठेवून तिनं त्यावर एक थेंब सोडला आणि दिवा माझ्या हातात दिला.

"धरा."

मी धरला. ओला ठिपका काळा होता. काहीच नव्हतं तिथं. मी फार वाकलो असेन, कारण ती म्हणाली, "लई जवळ जाऊ नका, वास घशात जातो." हळूहळू कडा उजळल्या, मग सगळा ठिपका. तोच रंग. एका ठिपक्यात मोजता न येणारे रेणू असतात, आणि प्रत्येकाला कडेचे घट्ट धरून असतात. मला चांगलं वाटायला हवं होतं. मला तेव्हाची तिची बोटं आठवली, त्या उजेडात दिसणारी.

तिनं थेंब पुन्हा टाकला. विझलं. पुन्हा पेटलं.

"आता लिहा."

मी तिच्याच रफ वहीत लिहिलं, माझ्या लाल बाणांच्या खाली. सहा नंबर. ओले : उजेड नाही. सुकल्यावर : तेजस्वी, पिवळट हिरवा. दोनदा पाहिले. मग त्याखाली लिहिलं की हेच मी चौदा वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेच्या दिवशी स्वतः पाहिले होते आणि परीक्षकांना खोटे सांगितले. 'खोटे' या शब्दाशी पेन अडकलं. तिनं काही सुचवलं नाही. मी तोच शब्द लिहिला.

तिनं वही फिरवून बघितली.

"वेळ लिहिली न्हाई, सर."

मी घड्याळ बघून लिहिली. दहा अठ्ठावन्न, ओलं. अकरा चार, सुकलं.

मग तेच सगळं पत्राच्या कागदावर उतरवलं. सही केली. तिनं पत्र वहीत ठेवलं, चादर काढून नीट घडी घातली, बाटलीचं झाकण दोनदा तपासलं. माफी हा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही. मला तो काढायचा होता. पण मग तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझ्या सोयीसाठी ती पुन्हा एकदा काहीतरी बसवून बोलली असती.

दारात ती चप्पल घालत असताना मी विचारलं, "समितीसमोर मी येऊ का?"

तिनं चपलेचा पट्टा बसवला.

"या. पर बोलायचं असलं तर आपणहून बोला. मागल्या वेळी मी तुमची वाट बघितली. यावेळी न्हाई बघणार."

समिती पुढच्या आठवड्यात आहे. माझे दोन विद्यार्थी तिथं बसलेले असतील, दोघांनीही ती मेंढरांची गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली आहे. मी जाणार आहे. काय बोलायचं ते रोज सकाळी मनात म्हणून बघतो. घरात नीट म्हणता येतं. त्या वेळी स्टोअररूममध्येही मला बोलता येत होतं, आणि मी पोरांच्या घाईचं ते एक वाक्य बोललो. म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय. एक प्रत तिला पाठवतो आहे, एक ग्रंथपालाला देतो आहे, त्या प्रोजेक्टच्या आत, तक्त्याच्या पानावर ठेवायला. समितीसमोर माझी जीभ पुन्हा अडली, तर हे वाचावं.